न थुंकलेलं तेल

पितळी वाटीत कोमट तेल.

मिटत नसलेला डोळा. झोपेतही तो आढ्याकडे बघतो.

तिरडीवर आईच्या नाकात घातलेला कापूस.

चैत्राची जत्रा.

सून सासऱ्यासमोर थुंकत नाही.

बयाबाईच्या डोक्यात हे सगळं एकदम आलं, कारण डोकं बाजेच्या कडेवरून खाली लोंबत होतं आणि लोणावळ्याचे चिंतामणी वैद्य वाटी घेऊन वाकले होते.

शेतातल्या खोपीत गार वाऱ्याला झोपली, उठली तेव्हा तोंड डावीकडे ओढलेलं. पाणी पिताना ओघळायचं. गाव म्हणालं, पाण्यातल्या आसरांनी थोबाडलं.  सासरा रखमाजी गाडी जुंपताना बैलांना सांगितल्यासारखं बोलला, "जत्रेपातूर तोंड सरळ झालं तर बरं. न्हाईतर पोराला दुसरी बघावी लागंल."

ते ऐकूनच ती गाडीत चढली होती.

वैद्य आधी तोंडाला वाफ द्यायचे, मग कापसाच्या बोळ्यानं नाकात तेल पिळायचे. घशात उतरलं की तस्तात थुंकायचं, गिळायचं नाही, असं रोज बजावायचे आणि हात धुवायला परसात जायचे. रखमाजी उंबऱ्यात, बाजेपासून हातभर अंतरावर बसलेला. परका पुरुष सुनेच्या तोंडाला हात लावतो, तेव्हा घरच्या माणसानं हलायचं नसतं.

बयाबाई पदर तोंडावर ओढायची आणि गिळायची.

छाती जड झाली. खोकला लागला. तोंड तसंच. वैद्यांनी तेल वाढवलं.

आज ते घशात उतरलंच नाही. मध्येच कुठंतरी अडलं. श्वास आत येईना. आढं काळं झालं, वैद्यांच्या हातातला बोळा तिला आईच्या नाकातला कापूस वाटला. ती उताणी होती, आईसारखीच. मग छातीतून काहीतरी फाटून आलं आणि तेल, कफ, सगळं रखमाजीच्या धोतरावर पडलं.

 वैद्यांनी तस्त उचलून पाहिलं. कोरडं होतं, तळाला तेलाचा ओशटपणाही नव्हता.

"बाई, इतके दिवस तेल जात कुठं होतं?"

तिनं गळ्यावर हात ठेवला.

वैद्यांनी रखमाजीला बाहेर बसायला सांगितलं. तो उठला नाही. बसल्या जागी वळला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"थुक म्हनावं," तो भिंतीला म्हणाला. "मला ऐकू येत न्हाई."

दुसऱ्या नाकपुडीत तेल पडलं. ती कुशीवर झाली आणि थुंकली. तस्त वाजलं. रखमाजीची पाठ हलली नाही. ती पुन्हा थुंकली, त्या पाठीकडे बघत, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, मामंजी आपल्याला ठेवून घेतील.

तळेगावच्या मुलीशी पोराच्या लग्नाची सुपारी रखमाजीनं फोडली होती, गाडी लोणावळ्याला निघाली त्याच्या आदल्या दिवशी.