मुलगा आत येतो

“काका, ते वाक्य मी काढूनच टाकते,” गौतमी म्हणाली. “नाहीतर शेवटचं पान दुसऱ्या कुणाला तरी देऊ.”

“का? मला वाचता येत न्हाई व्हय?” महेंद्रने चहाचा कप बाजूला सारला आणि संहिता स्वतःकडे ओढली.

नाटक गौतमीनेच लिहिलेलं. कंपनी बंद पडल्यावर घर सोडून गेलेला मुलगा, आणि रोज त्याची वाट बघत बसणारी आई. शिरूरच्या या हौशी मंडळींना सेट आणि लाइटचा घाट झेपणारा नव्हता, म्हणून ओळीने खुर्च्या मांडून नुसतं अभिवाचन करायचं ठरलं. रंगमंचावर जे करून दाखवायचं, ते इथे कुणीतरी वाचून सांगायचं. ‘आई उठते. चूल पेटवते.’ हे काम महेंद्रकडे आलं, कारण त्याचा सगळा जन्म एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेलेला. दौंडची गाडी फलाटाला लागली काय आणि आई रडते काय, हा बाबा एकाच सुरात सांगणार! मंडळी त्याला त्यावरून चिडवायची आणि तोही हसायचा.

गेल्या उसाच्या हंगामात त्याचा धम्मदीप गेला. कंपनीतली सेकंड शिफ्ट करून रात्री मोटरसायकलवर न्हावऱ्याला घरी येत होता, आणि रस्त्यात बिनदिव्याची उसाची ट्रॉली उभी होती. एकुलतं एक पोर. नाटक त्याच्या आधीच लिहून झालं होतं. गौतमीला बिचारीला काय ठाऊक! महेंद्र पुन्हा कामावर गेला, तालमींना येऊ लागला. त्याच्या बायकोने, गिताबाईने, मात्र घराचा उंबरा ओलांडला नाही.

“तालमीत ते वाक्य आलं की तुम्ही पाणी प्यायला उठता, काका.”

“उटतो. पर आज वाचनार हाय.” महेंद्रने आवाज खाली आणला. “पोरी, माज्या घरात ह्ये वाक्य आता कुनी म्हननार न्हाई. एकदा तरी माज्या तोंडानं म्हनू दे.”

गौतमी डोळे पुसून खुर्च्या लावायला गेली.

वाचनालयाचा हॉल भरत आला तेव्हा आईची भूमिका वाचणारी रुपाली धावतपळत पोचली. तिच्यामागून, भिंतीला धरून धरून, गिताबाई आत आली आणि पुढच्याच रांगेत बसली.

“काकूच म्हनल्या, काय वाचत्यात तरी बघू,” रुपाली त्याच्या कानाशी लागली. “मग घेतलं गाडीवर. मीबी न्हावऱ्याचीच की.”

महेंद्रने संहितेचं शेवटचं पान उलटून पाहिलं. खरं तर बाई घराबाहेर पडली म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण तिला शेवट ठाऊक नव्हता. जे म्हणायला आपण इतके आसुसलो, ते आता तिच्या कानावर कसं घालायचं? वाक्य गाळ म्हणून गौतमीला सांगावं, असं मनात आलं, तोवर वाचन सुरू झालं.

रुपाली छान वाचत होती. महेंद्र आपला मधूनमधून सांगत होता, आई अंगण झाडते, आई दिवा लावते. गिताबाई मांडीवर हात ठेवून ऐकत होती. शेवटचं पान आलं.

“दार उघडतं,” महेंद्रने वाचलं आणि पुढे त्याला आवाज फुटेना. रुपालीने पाण्याची बाटली सरकवली, त्याने नको म्हणून मान हलवली. लोकांना वाटलं, वा, काय पॉज घेतलाय! गौतमीला राहवेना. त्याच्या हातातली संहिता घ्यायला तिने हात पुढे केला.

तेवढ्यात गिताबाई बोलली. मोठ्याने नाही, घरात बोलावं तशी.

“आवं, वाचा की पुढं. दार उगडलंय न्हवं? मंग येऊ द्या की त्याला आत. किती येळ भाईर उबा ठिवताय?”

गौतमीने हात मागे घेतला.

“मुलगा आत येतो,” महेंद्रने वाचलं.

एवढं म्हटलं की छातीवरचा दगड उतरेल, असं त्याला वाटलं होतं. कुठला उतरतोय! शब्द निघाला आणि आलं कुणीच नाही. रिकाम्या दाराकडे त्याची नजर गेली ती त्याने कशीबशी कागदावर आणली. “आई ताट वाढते. मुलगा जेवतो.” गिताबाई रडली नाही. पोर खरंच समोर जेवतंय आणि मध्ये बोलायला नको, अशी ती गप्प बसून राहिली.

लोक पांगले तरी ती उठली नव्हती. गौतमी तिच्यापाशी जाऊन बसली.

“काकू, माझं चुकलं. मी ते काढून टाकायला हवं होतं.”

“काडू नगंस बाई.” गिताबाईने तिचा हात धरला. “परत कवा हाय ह्ये?”

“पुढच्या महिन्यात. खुटबावला.”

“आमी येतो,” ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. “आन् तवा मधी थांबू नगा. शिफ्ट करून आलेला आसतो त्यो, भुकेला.”

महेंद्रने मान डोलावली आणि दाराशी वाकून तिच्या चपला शोधू लागला.