शोभेचे काम, नामंजूर

मी एक जुना पितळी शिक्का आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझी गोष्ट ऐकून तुम्हाला माझी कीव येणार नाही. यायलाही नको. परभणी जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी अकरा वर्षं काम केलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथली काही माणसं अजून हयात आहेत.

निजामाचं राज्य गेलं, त्याच्या पुढच्या वर्षी माझा जन्म झाला. जुन्या उर्दू मोहरा कपाटात गेल्या आणि मराठी शिक्के करायला टाकले. बन्सीधर नावाच्या कारागिराने मला घडवलं. पितळेवर उलटी अक्षरं कोरायला त्याला दोन दिवस लागले. मूठ सागवानी, हातात नीट बसणारी. माझ्यावर कोरलं होतं, ‘शोभेचे काम. सरकारी खर्च नामंजूर.’ माझ्याबरोबरच माझा एक भाऊ घडला. त्याच्यावर होतं, ‘आवश्यक उपचार. सरकारी खर्च मंजूर.’

आमचं काम अगदी सोपं होतं. मोठं ऑपरेशन असलं की ते हैदराबादेत होई आणि खर्च सरकार करी. पण नुसता चेहरा देखणा करून घ्यायला सरकार पैसे देत नसे. दुखणं असेल तर भाऊ, शोभा असेल तर मी. डॉक्टर कागदावर कारण लिहीत आणि हेडक्लार्क माणिकराव त्याप्रमाणे शिक्का मारीत. माझा ठसा लख्ख उठायचा, एकही अक्षर फुटायचं नाही. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्याचं कौतुक केलं, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. आज त्या कौतुकाची लाज वाटते.

१९५५च्या उन्हाळ्यात ताडकळसजवळच्या खेड्यातून आसाराम नावाचा शेतकरी आला. बरोबर बायको कडूबाई, तेरा वर्षांची मुलगी कोकिळा आणि चारठाण्याला दिलेली त्याची थोरली बहीण धुरपदाबाई. कोकिळेचा वरचा ओठ जन्मापासून फाटलेला होता. कडूबाईने पोटुशी असताना ग्रहणात विळी हातात धरली म्हणून असं झालं, हे घरातलं मत. तेरा वर्षं ती माउली ते ऐकून घेत होती. धुरपदाबाईने मात्र भावाला शब्द दिला होता, की ओठ शिवला तर कोकिळेला माझ्या लेकासाठी, भुजंगसाठी, करून घेते.

आत्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. मलाही ती नंतर कडूबाईकडून कळली. पोरीची टाळूसुद्धा फाटलेली होती. पाणी प्यायलं की नाकातून बाहेर यायचं, घास वर चढायचा, जीव घाबरा व्हायचा. ती भिंतीकडे तोंड करून जेवायची. आत्या मुक्कामाला आली की आईबाप सांगायचे, आज कोकिळेचा उपास आहे. आत्याला वाटे, पोर फार देवभोळी आहे.

डॉक्टरांनी ओठ पाहिला आणि म्हणाले, “तोंड उघड बघू.” कोकिळेने मान हलवली. बापाने घरून निघतानाच तसं बजावलं होतं. बाहेर रांग लागलेली. डॉक्टरांनी आग्रह केला नाही. त्यांनी आसारामला विचारलं, “हिला खाण्यापिण्याचा काही त्रास?”

आसारामने बहिणीकडे पाहिलं. “न्हाई, सायेब. खायाप्यायचा कायबी तरास न्हाई. निस्तं दिसायला वंगाळ दिसतंय. लगीन जमायलंय तिचं, तेवढा ओठ शिवून द्या.”

कडूबाईने पदर पुढे ओढला. नवरा आणि नणंद समोर असताना ती कशी बोलणार? आणि आसारामलाही मी लबाड म्हणणार नाही. पोरीच्या लग्नापेक्षा मोठं कारण त्याच्या लेखी जगात नव्हतं. सरकारही बापासारखाच विचार करत असेल असं त्याला वाटलं. डॉक्टरांनी लिहिलं, ‘केवळ दिसण्यासाठी.’ माणिकरावांनी मला उचललं आणि मी त्या कागदावर पडलो. नेहमीसारखा लख्ख.

त्याच आठवड्यात गंगाखेडकडच्या आप्पाराव नावाच्या बड्या असामीचा मुलगा आला. कुस्तीत नाक जरा वाकडं झालेलं, आरशात ते त्याला खपत नव्हतं. वकिलाने पढवून पाठवलं होतं. “श्वास अडतो,” म्हणाला आणि दोनदा मोठ्याने श्वास ओढून दाखवला. माझ्या भावाचा ठसा पडला. नाक सरळ झालं, हो, सरकारी खर्चानेच.

पंधरा दिवसांनी कडूबाई बाजाराचं निमित्त करून पोरीला घेऊन एकटी आली. तिने माणिकरावांकडे पेलाभर पाणी मागितलं आणि कोकिळेला म्हणाली, “पी.” कोकिळा प्यायली. पाणी नाकातून आलं, टेबलावर सांडलं. माणिकरावांनी आधी कागद उचलले, मग तिच्याकडे पाहिलं.

“बाई, हे त्याच दिवशी सांगायचं. आता शिक्का पडला.”

“तवा नणंद व्हती की हो म्होरं,” कडूबाई म्हणाली.

माणिकराव दुष्ट नव्हते. त्यांनी नवा अर्ज लिहून हैदराबादला धाडला. पुढच्या वर्षी राज्यच बदललं. आमचा जिल्हा मुंबईकडे गेला आणि अर्ज दोन राज्यांच्या मध्ये कुठेतरी अडकला. कडूबाई दर दोन-तीन महिन्यांनी विचारायला येई आणि हात हलवत परत जाई. तिकडे धुरपदाबाईने वाट पाहणं सोडलं आणि भुजंगला दुसरी मुलगी केली.

उत्तर १९५९ साली आलं. ‘सदर प्रकरण शोभेचे काम म्हणून पूर्वीच निकाली निघाले आहे.’ पुरावा म्हणून जुना कागद जोडलेला होता. त्यावर मी होतो. वर्षं गेली तरी एक अक्षर पुसलेलं नव्हतं. माझा मला तेव्हा विलक्षण संताप आला.

पुढच्या वर्षी रबरी शिक्के आले आणि मला एका पेटीत टाकून दिलं. त्याचं दुःख नाही. मला घासूनपुसून ठेवा असंही मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी डॉक्टर होईल, कुणी माणिकरावांच्या खुर्चीवर बसेल. तेव्हा घरच्या माणसांना घटकाभर बाहेर बसवा आणि ज्याचं दुखणं आहे त्याला विचारा. मगच शिक्क्याला हात लावा.

ते उत्तर माणिकरावांनी वाचून दाखवलं तेव्हा कोकिळा सतरा वर्षांची होती. कडूबाई रडत होती. कोकिळा रडली नाही. गेंगाण्या आवाजात, पण नीट कळेल असं ती म्हणाली, “मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं.”