प्राणवायूच्या घरात मेणबत्ती

माझी थीरा वेळेआधी जन्मली, फुप्फुसं कच्ची राहिली, म्हणून इस्पितळाने तिला प्राणवायूच्या सिलिंडरसकट घरी पाठवलं. नाकातली नळी सुटली तर, या एका धास्तीने माझा डोळा लागत नाही. माझा नवरा एस्बेन बोटीवर कामाला गेलाय, म्हणून आज त्याची आई आली. युट्टे.

"जा, पड जरा. शिळ्या माशासारखी दिसतेस."

आधी तिच्यासाठी कॉफी ठेवायला गेले. दुपारीच अंधारून आलं होतं. परत येते तर युट्टेच्या हातात पेटलेली काडी! अंगावर तारखा छापलेली, डिसेंबरात आमच्याकडे नाताळपर्यंत रोज एकेक आकडा जाळतात ती मेणबत्ती तिने चक्क पाळण्याशेजारी मांडली होती.

ओरडायलाही त्राण लागतं. मी नुसती फुंकर मारून काडी विझवली.

"युट्टे, शाळेत रसायनशास्त्र कोण शिकवायचं गं?"

ती मटकन बसली. "मीच. आपल्या डॅनिश भाषेत 'इल्त' म्हणजे प्राणवायू, शब्द आला आगीवरून, 'इल्'वरून. उभी हयात पोरांकडून घोकून घेतलं. आणि अंधार पडला की माझाच मेला हात काडीकडे जातो."

"दारावर पाटी आहे. आग नको म्हणून."

"वाचली की. म्हटलं, सिगारेटवाल्यांसाठी असेल. मेणबत्तीला कोण आग म्हणतं?"

मला हसू आलं, पण अर्ध्यातच दमलं. युट्टेने खिशातल्या, पर्समधल्या, स्वयंपाकघरातल्या झाडून सगळ्या काडेपेट्या बाहेर पायरीवर नेऊन ठेवल्या. परत येऊन पाळण्याशी बसली.

"आता तू झोपणार नाहीस," ती हळूच म्हणाली.

नाहीच झोपणार होते. पण नुसती पाठ टेकायला काय हरकत? तिथेच सोफ्यावर आडवी झाले. "बोलत राहा. म्हणजे कळेल, तू जागी आहेस."

"काय बोलू?"

"शिकव तिला."

युट्टेने घसा साफ केला. "ऐक हं, थीराबाई. जगाने या वायूला आंबटपणावरून नाव दिलं, ऑक्सिजन. त्यांना वाटलं, सगळी आम्लं यानेच होतात. चुकलेच ते. मग दोनशे वर्षांपूर्वी आपला एक शास्त्रज्ञ म्हणाला, याच्यावाचून काही जळत नाही, तर आगीचंच नाव देऊ. हायड्रोजन स्वतः जळतो, म्हणून तो 'ब्रिंट', जळण्यावरून. नळी ओढू नकोस गं, शहाणे. हां, अशी. आणि नायट्रोजनचं नाव आहे गुदमरवणारा. पण तो नको बाई आज, तो तू मोठी झाल्यावर..."

त्यापुढचं मला ऐकू आलं नाही.