तिसरा दोरा

मानवजातीच्या व्याधी हरण करण्यासाठी प्रत्येक युगात एक महापुरुष अवतरतो. आमच्या भागात तो सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत अवतरला होता, सकाळी दहा ते एक. नंतर जेवून झोपायचा.

जिन्यावर रांग. खोलीत तारेवर दोऱ्यांच्या जोड्या टांगलेल्या: पहिल्या दिवशी गाठीभोवती फिरवून कापलेला लांब दोरा, शेजारी आठव्या दिवशीचा आखूड. लोक त्या दोऱ्यांनाही हात जोडत.

"गाठ म्हणजे काय? अडकलेला राग!" बाबा सांगत. "माझी पुडी तो उतरवते. सुरी लावलीत तर अंगभर पसरेल. मग मला बोल लावायचा नाही."

शिवणकाम करणाऱ्या मास्तरांच्या मानेत तीन आठवड्यांत लिंबाएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती. पण रात्री घामानं सदरा भिजायचा, आणि स्वतःच्याच विजारीची कंबर दोनदा आत घ्यावी लागली होती. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ काढून तपासू. याच आठवड्यात."

"चौऱ्याहत्तर वय तुमचं," घरी बायको म्हणाली. "आता कापाकापी कशाला? म्हातारपणी व्हायचंच असलं काहीतरी."

"म्हातारपण मानेच्या एकाच बाजूला येतं होय गं?"

पण तिचे डोळे भरून आले, आणि मास्तर निमूटपणे बाबांचा जिना चढले.

आठव्या दिवशी दोरा निम्मा भरला. मास्तरांनी घरी येऊन आपली टेप लावली. टेपचंही तेच म्हणणं. भूक खवळली, गाल वर आले. आम्ही शेजारी, जन्माचे शंकेखोर, आठवडाभर तोंड चुकवत फिरत होतो.

मात्र एका मापावर कापड कापायचं नाही, ट्रायल घ्यायचीच, ही मास्तरांची चाळीस वर्षांची खोड. पुडी चालू ठेवून ते दर सोमवारी मान मोजत राहिले. चौथ्या सोमवारी टेप उलटी चालू लागली. पाचव्या सोमवारी गाठ पहिल्यापेक्षा मोठी, आणि काखेत दुसरी.

"श्रद्धा सैल झाली," बाबांनी निदान केलं.

"श्रद्धा नाही, विजार," मास्तर म्हणाले आणि उरलेल्या पुड्या घेऊन थेट इस्पितळात गेले.

रक्तातली साखर तीनशे दहा निघाली. डॉक्टरीणबाईंनी पुडी प्रयोगशाळेत धाडली. "स्टिरॉइड आहे यात, साखर त्यानंच चढली," अहवाल आल्यावर त्या म्हणाल्या. "दम्याला, सांध्यांना आम्ही मोजूनमापून देतो ना, तेच. इथं मूठभर घातलंय. काही गाठी यानं चार दिवसांत वितळतात आणि मग परत फुगतात. त्या मधल्या काळात तुकडा काढला तर रोग ओळखूच येत नाही. चोराचे ठसे आपणच पुसल्यासारखं."

"या वयात उपचार झेपतील?"

"वय बघून औषधाचं प्रमाण ठरवू, मास्तर. तपासायचं की नाही, हे वय ठरवत नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तर रांग ओलांडून वर गेले. "बाबा, दोरे दोन-दोनच का? आठव्या दिवसानंतरचा एक तरी दाखवा."

बाबांनी पुढच्या रोग्याला हात केला.

"आमच्या सासऱ्यांची उतरली हो!" एक बाई फणकारल्या.

"माझीही उतरली होती, ताई." मास्तरांनी कॉलर बाजूला केली. ताईंनी तोंडावर हात ठेवला. "ही पुडी स्टिरॉइडची आहे. आज घेत असाल तर मनानं एकदम थांबवू नका. पुडीसकट डॉक्टरकडे चला. सगळेच चला!"

"बरी करीन असं मी म्हणालोच नव्हतो," बाबा पुटपुटले. "उतरेल म्हणालो होतो." त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य.

तेव्हा मंडळी, म्हाताऱ्या माणसाची गाठ वाढत असेल, घाम फुटत असेल, वजन उतरत असेल, तर ते वयाच्या माथी मारू नका. वय हे काही गाठीचं नाव नव्हे. काढा, तपासा, नाव विचारा.

मास्तरांची गाठ अख्खी काढली. आक्रमक लिम्फोमा, म्हणजे रसग्रंथींचा कर्करोग: झपाट्यानं वाढणारा, पण औषधाला दाद देऊ शकणारा. उपचार सुरू झाले आहेत. गाठ काढल्यापासून निदानाला एकूण सहा दिवस लागले, त्यातला एक रविवार.