तहसीलदाराची सवारी

रिसोडात तेव्हा तीन जीपा आणि एक टांगा होता. टांगा भिवाजीचा. घोड्याचं नाव तहसीलदार, कारण तो हाक मारल्याशिवाय हलत नसे आणि मारल्यावरही आधी विचार करी.

श्रावणात कचेरीतला कारकून जगदेव टांग्याच्या अड्ड्यावर आला. "तीन दिवसांत टांग्यात सवारी दिसली नाई, तर इथं जीप उभी राहीन."

"सवारी हाये ना. कंचनबाई रोज असतात," भिवाजी म्हणाला.

असायच्या, पण टांग्याच्या मागे. किराणा दुकानाच्या मालकीण कंचनबाईंनी चातुर्मासात वाहनात न बसण्याचा नेम धरला होता. आपल्या नेमापायी घोड्याची वैरण कशाला बुडवायची, म्हणून भाडं देऊन टांगा मात्र चालू ठेवलेला. रोज सकाळी तो दारात यायचा आणि बाई त्याच्यामागून मंदिरापर्यंत चालत जायच्या. बाई पायी आणि आपण वर, हे भिवाजीला पटेना. तोही लगाम धरून पायी. मधे टांगा रिकामा.

दोन दिवस हे पाहून जगदेव बाईंना म्हणाला, "बाई, दोन पावलं बसा. मी लगेच सवारी लिवतो."

"कार्तिक पुनवेले बसीन."

"तवरोक टांगा नाई राह्यणार."

"नेम मी तुह्या कचेरीले इचारून नाई धरला."

अड्डा गेला की घोडा विकायचा, आणि असला तहसीलदार घेणार कोण? तरी भिवाजी म्हणाला, "बाईले कायले बसवून राह्यले? लिवा काय लिवाचं ते."

तिसऱ्या दिवशी बाईंसोबत नेमाच्या आणखी अकरा जणी निघाल्या. मुंगी मरू नये म्हणून एकेक पाऊल बघून टाकत होत्या. मागे जीप अडकली. जीपवाल्याला नवा अड्डा दाखवायला निघालेला जगदेव त्यातच होता. हॉर्न थकला तसा तो उतरला, बायांना वळसा घालून टांग्यावर चढला आणि भिवाजीच्या हातून लगाम हिसकला.

"हट. बाजूले घेतो याले."

तहसीलदाराला मंदिर येईपर्यंत वळायची सवय नव्हती. जगदेव लगाम ओढत राहिला, घोडा सरळ चालत राहिला. एव्हाना बाया दोन्ही अंगांनी आल्या होत्या. नेमाच्या बायांवर उडी कशी मारणार?

भरबाजारात वांगी तोलणाऱ्या मळेवाल्या तुळसाबाईनं विचारलं, "भिवाजी, आज कोन बसलं?"

"कचेरी."

मंदिराशी घोडा आपणहून थांबला. जगदेव घामाघूम होऊन उतरला. "मी सवारी नोहो."

"मंग वर काहून बसला व्हता?" कंचनबाई म्हणाल्या. "भिवा, याचं भाडं माह्याकडं."

"साऱ्या बाजारानं पाह्यलं, साहेब," भिवाजी म्हणाला. "तिसराच दिवस हाये. लिवा."

जगदेवनं लिहिलं. लिहिताना बारा बाया वाकून बघत होत्या.

भिवाजी अड्ड्यावर परतला तर जीप येऊन उभी होती. त्यानं घोडा तिच्या तोंडाशी नेऊन उभा केला.

"सरक," तो जीपवाल्याला म्हणाला.