शून्य छेद पाच

नववीतल्या मुलीला गणिताच्या प्रोजेक्टसाठी आख्ख्या दोहात दुसरं काही सापडू नये? वर्ल्ड कपला अजून तीन वर्षं आहेत, तरी जिकडे बघावं तिकडे रस्ते खणलेले, क्रेन उभ्या, मैदानं बांधली जाताहेत. मोजायला काय कमी आहे? वर्गातल्या एका मुलाने बाल्कनीत बसून पांढऱ्या गाड्या मोजल्या. एकीने नाणं शंभर वेळा उडवलं. आणि आमच्या सिमोनाबाईंनी काय निवडलं, तर आईच्या नापास झालेल्या ड्रायव्हिंग टेस्ट.

डोरोथी तुस्कानोला हे कळलं तेव्हा ती ड्युटीच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"रिअल लाइफमधलं घ्या म्हणाल्या टीचर," सिमोना वहीतून मान वर न काढता म्हणाली. "पुन्हा पुन्हा केलेलं आणि रेकॉर्ड ठेवलेलं. आपल्या घरात रेकॉर्ड असलेलं हे एकच आहे, मम्मी. टोटल ट्रायल्स पाच, सक्सेस झीरो. सो प्रोबॅबिलिटी इज झीरो अपॉन फाइव्ह."

शून्य छेद पाच. डोरोथी वसईच्या मराठी शाळेत शिकलेली. संभाव्यतेचा धडा तिने दहावीला ऑप्शनला टाकला होता, आणि पंचवीस वर्षांनी तो धडा कतारात येऊन तिच्या छातीवर बसला होता.

तिची चिडचिड उगाच नव्हती. इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत तिची सहा वर्षं पाळ्यांमध्ये गेली होती. आठवड्यातून फार तर दोन दिवस ती नवऱ्याबरोबर आणि मुलीबरोबर जेवायला बसायची, बाकीचे दिवस डब्यावर चिठ्ठी चिकटवून निघायची. आता घरी जाऊन म्हाताऱ्या पेशंटांना बघायच्या कामात एक जागा निघाली होती. सकाळी सात ते तीन, रात्रपाळी नाही. मेट्रनने तिचं नाव पुढे केलं होतं. अट एकच, गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. लायसन्सची कॉपी पुढच्या गुरुवारपर्यंत दिली नाही तर जागा दुसरीला जाणार. टेस्ट बुधवारी होती, सहावी.

थॉमस, तिचा नवरा, एका मैदानाच्या साइटवर कागदपत्रं सांभाळायच्या कामाला होता आणि घरीही तेच करायचा. डोरोथी नापासाची चिठ्ठी चुरगळून पर्समध्ये कोंबायची, हा ती बाहेर काढून, हाताने सपाट करून, तारीख टाकून फाईलला लावायचा. सिमोनाने रेकॉर्ड रेकॉर्ड म्हणून जे नाचवलं ते हेच.

"अगं, एवढं काय घेऊन बसलीस," तो म्हणाला. "माणूस एक तर पास होतो नाही तर नापास होतो. दोनच गोष्टी. म्हणजे अर्धा चान्स आहे की."

"पप्पा, उद्या दोहात एक तर बर्फ पडेल नाही तर नाही पडणार," सिमोना म्हणाली. "तोपण अर्धा? दोन्ही गोष्टी इक्वली लाइकली असल्या तरच अर्धा म्हणायचं."

दुपारी इस्पितळात लताने धीर दिला. लता डोरोथीबरोबरच कॅज्युअल्टीत, नाशिकची, बोलायला फटकळ. "पाचदा झालं ना नापास, मग आता पासाचाच नंबर. किती वेळा तेच तेच होईल?" डोरोथीला हे पटलं, मनापासून आवडलं, आणि तिने घरी येऊन ते सांगितलंही. सांगायची काय गरज होती?

"नाण्याला मागचं काही आठवत नाही, मम्मी. पाचदा काटा पडला म्हणून सहाव्यांदा छापा पडायची त्याच्यावर जबरदस्ती नसते."

"मग मी काय नाणं आहे? मला सगळं आठवतं, बाय. पाचही वेळचं आठवतं."

"गुड," सिमोना म्हणाली आणि वहीत रकाने आखायला लागली. "मग प्रत्येक वेळी का फेल झालीस ते सांग."

डोरोथीने सांगितलं, आणि चांगलं तावातावाने सांगितलं. पहिल्यांदा ती पोलीसबाईच सकाळपासून वैतागलेली होती. दुसऱ्यांदा पार्किंगमध्ये खांबाला जरासा धक्का लागला, जरासाच. तिसऱ्यांदा धुळीचं वादळ. चौथ्यांदा रस्ता वळवलेला, आदल्या आठवड्यात होता तो चौकच जागेवर नव्हता, वर्ल्ड कपच्या नावाने या लोकांनी गाव उलटंपालटं करून ठेवलंय. पाचव्यांदा मागे ट्रक होता आणि तो सारखा हॉर्न देत होता.

सिमोनाने ते लिहून घेतलं. मग फाईल उघडून चिठ्ठ्या एकापुढे एक मांडल्या. प्रत्येक चिठ्ठीवर चुकांची छापील यादी होती, अरबीत आणि इंग्लिशमध्ये, आणि चुकीपुढे खूण. एका चिठ्ठीवर खूण पार्किंगपुढे होती. उरलेल्या चारांवर एकाच ओळीपुढे होती: राउंडअबाउटच्या गोल चौकात रस्ता मोकळा असताना थांबून राहणे. धूळ, ट्रक, पोलीसबाईचा मूड, यातलं काही त्या यादीत नव्हतंच.

"फोर अपॉन फाइव्ह," सिमोना म्हणाली. "का थांबतेस गं?"

"मोकळा नसतोच रस्ता. डावीकडून कुणीतरी येतच असतं."

"लांब असतं ना पण."

"तुला काय कळतंय लांब आणि जवळ?" डोरोथीचा आवाज चढला. "सहा वर्षं बघतेय मी. राउंडअबाउटवर घुसलेले माझ्याकडेच येतात. स्ट्रेचरवर. तुझ्याएवढ्या मुली असतात त्यात. त्यांचे रक्ताने भरलेले कपडे मी कापलेत कात्रीने. मी थांबते, आणि थांबणार."

एवढं तिने घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं. थॉमसने पाण्याचा ग्लास आणून तिच्यापुढे ठेवला. सिमोनाने पेन्सिल खाली ठेवली. आता कार्टी गप्प बसेल, असं डोरोथीला वाटलं.

"मम्मी, जे नीट घरी पोचतात ते तुझ्याकडे येतात का?"

"ते कशाला येतील?"

"मग तू फक्त वरचा आकडा बघितलायस. खालचा, तो छेद, तो तू कधी बघितलाच नाहीस."

मुलीने मराठीत 'छेद' म्हटलं याचं कौतुक करावं की एक ठेवून द्यावी, हे डोरोथीला ठरवता येईना.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी या मुलीने आईला अल रय्यानमधल्या त्यांच्याच घराजवळच्या राउंडअबाउटवर नेऊन बसवलं. समोर कडक चहाचं दुकान, बसायला बुटकी भिंत, हातात वही. काय म्हणे, छेद मोजायचा. आठवड्यातली एक सुट्टी, घरी कपड्यांचा ढीग पडलेला, आणि ही बाई धूळ खात गाड्या मोजतेय. डोरोथी पहिली दहा मिनिटं नुसती धुसफुसत होती. मग मोजायला लागली, कारण सिमोना मोजताना चुकत होती आणि ते तिला बघवेना. तिच्या नर्सच्या हाताने चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी पटापट पडायला लागली.

पाऊण तासात सहाशे बारा गाड्या आत शिरून बाहेर पडल्या. कुणी कुणाला धडकलं नाही. फक्त एक गाडी रस्ता मोकळा असून तोंडाशी खिळून राहिली आणि तिच्यामागे रांग लागली. ती ड्रायव्हिंग स्कूलची होती. डोरोथीने तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

"ॲक्सिडेंट झीरो. झीरो अपॉन सिक्स हंड्रेड ट्वेल्व्ह," सिमोना म्हणाली. "पण शून्य आलं म्हणजे अशक्य असं नाही हां, मम्मी. आपण एवढंच बघितलं म्हणून एवढं आलं. अजून बघितलं तर बदलू शकतं. बघून जायचं, पण जायचं."

डोरोथीने चहाचा कप भिंतीवर ठेवला. "थांब जरा. पाऊण तासाचं शून्य अशक्य नाही?"

"नाही."

"मग माझं पाचाचं शून्य अशक्य कसं? वहीत तर तू तेच लिहिलंयस."

सिमोनाने वहीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि खोडरबर मागितलं.

मंगळवारी सरावाला गाडी शिकवणारी मुनीराबाई होती. तीन महिने ती "यल्ला सिस्टर, यल्ला", म्हणजे चला, चला, म्हणून घसा कोरडा करत होती. त्या दिवशी तिला एकदाही यल्ला म्हणावं लागलं नाही. उलट एकदा "हळू, हळू" म्हणावं लागलं.

बुधवारी टेस्टच्या गाडीत चार बायका होत्या. डोरोथीचा नंबर तिसरा. शेजारी बसलेल्या पोलीसबाईचा चेहरा नेहमीसारखाच वैतागलेला होता. राउंडअबाउट आला. डावीकडून लांबून एक मोठी पांढरी गाडी येत होती, आणि डोरोथीचा पाय सवयीने ब्रेकवर गेला. तिच्या डोळ्यांपुढे स्ट्रेचर आलं. येणारच होतं, त्याला इलाज नव्हता. मग तिने त्याच्या खाली सहाशे बारा लिहिले. गाडी खरंच लांब होती. डोरोथी आत शिरली, वळली, बाहेर पडली. मागे बसलेल्या बाईने सुस्कारा सोडलेला तिला ऐकू आला.

उतरताना पोलीसबाईने चिठ्ठी दिली. डोरोथीने आयुष्यात पहिल्यांदा ती न चुरगळता वाचली, मग पुन्हा वाचली, आणि पर्समध्ये सपाट ठेवली.

गुरुवारी लायसन्सची कॉपी मेट्रनच्या टेबलावर गेली. दोन आठवड्यांनी, नव्या ड्युटीच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी सात वाजता तिघं जण एका टेबलावर जेवायला बसले. डब्यावर चिठ्ठी नव्हती. थॉमसने पासाची चिठ्ठी फाईलला लावून पंच मारला होता आणि फाईल उगाचच टेबलावर आणून ठेवली होती.

"आता मला सगळं परत लिहायला लागणार," सिमोना कुरकुरली. "वन अपॉन सिक्स."

"एक छेद सहा?" डोरोथीच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. "अगं, लायसन्स आहे माझ्याकडे. आज दहा घरं फिरून आलेय मी गाडीने. अजून एक छेद सहा?"

"मग काय लिहू? आकडे तेच सांगतात. आणि टीचरनी खाली अजून एक प्रश्न विचारलाय, तो वेगळाच."

डोरोथीने डाव ठेवला, हात पुसला आणि वही ओढून घेतली. तळाशी लाल शाईत बाईंचा प्रश्न होता: सगळे प्रयत्न सारख्याच परिस्थितीत झाले का? त्याखाली सिमोनाने पेन्सिलने, खाडाखोड न करता उत्तर लिहिलं होतं.

नाही. सहाव्या वेळी मम्मी थांबली नाही.