पहिल्या वाशाचं माप

साडेतीन वाजले की रुमेना हातोडी पेटीत टाकायची. मग समोर ठेकेदार असो की बिशप. चारला तिच्या मुलीची, बिसेराची, शाळा सुटे, आणि मुकादमीण निघाली की तिचे पाचही सुतार आपापल्या पोरांकडे वळत.

ट्रपको ठेकेदाराला हे खुपत होतं. "बाई, संत दिमितरच्या सणाआधी छप्पर झालं पाहिजे. बर्फ पडल्यावर कोण चढणार वर? तुझी सासू?"

"चढेलही. तिला कमी समजू नका."

"माझा बाप आठ-आठ महिने घराचं तोंड बघत नसे. त्याला म्हणतात कारागीर!"

"आणि घरी आल्यावर तुम्ही त्याला काय म्हणायचात? काका?"

सुतार फिदीफिदी हसले. ट्रपकोचे कान तांबडे झाले. "शनिवारी अंधार पडेपर्यंत काम चालेल. तू ये, नाहीतर नको येऊ. पण नाही आलीस तर पुढच्या कामावर मुकादम तुझाच सुतार सेराफिम!"

रुमेना गेली नाही. शनिवारी तिची सासू फिदाना सदरे बेतत होती. आढं बसलं की त्यावर दोरी बांधून गावानं कारागिरांसाठी सदरे टांगायचे, आणि मुकादमानं वर उभं राहून देणाऱ्याचं नाव पुकारायचं, ही तिथली रीत. वरून पुकारलेलं दान परत घेता येत नाही.

बिसेरानं कापलेली बाही कापडावर ठेवून दुसरीला कात्री लावली, तशी आजीनं तिच्या हातावर चापट मारली. "कागदावरून बेत गं! कापलेल्यावरून कापलंस तर दरवेळी दोरा-दोरा वाढतो. शेवटचा सदरा बैलाला येईल."

रुमेना गालात हसली. हीच चापट लग्नानंतर तिलाही बसली होती. तेव्हापासून ती प्रत्येक छपराचा पहिला वासा लाल रंगवून बाजूला ठेवी, आणि बाकीचे सगळे त्याच्याच मापानं कापी.

सोमवारी पाहते तो लाल वासा जागेवर नाही. ट्रपकोनं तो शनिवारीच छपरात ठोकून टाकला होता. "चांगलं लाकूड नुसतं पडून कशाला?"

मग सुतारांनी अंधार पडेपर्यंत एका वाशावरून दुसरा आखला होता, दुसऱ्यावरून तिसरा. पेन्सिलीच्या रेघेएवढा फरक. पण चाळिसाव्या वाशापर्यंत दोन बोटं भरला. आढं एका टोकाला उंटासारखं मान वर काढून बसलं होतं. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथं माणसांना घरी फिरकू दिलं नाही, म्हणून वासे फिरले.

"तू नव्हतीस म्हणून झालं!" ट्रपको गरजला.

"मी नव्हते म्हणून नाही. हे फार वेळ होते म्हणून."

"खरंय, मालक," सेराफिम खाली मान घालून म्हणाला. "संध्याकाळी मला माझं बोटसुद्धा वासाच वाटत होतं. थोडक्यात वाचलं."

रुमेनानं लाल वासा उचकटून खाली घेतला. "लांब लाकूड आखूड करता येतं, आखुडाचं मात्र काही करता येत नाही. देवाची कृपा समजा. चला, कापायला घ्या. आणि सुट्टी साडेतीनला."

"छप्पर होऊ दे," ट्रपको दात खात म्हणाला. "मग बघतो तुझं साडेतीन."

छप्पर सणाच्या दोन दिवस आधी झालं. ट्रपकोनं समारंभ सहाला ठरवला होता. रुमेनानं गावाला परस्पर अडीचला बोलावलं, शाळेतली पोरं मास्तरांसकट आली. आढ्यावर दोरीभर सदरे फडफडत होते. तिनं एकेक नाव पुकारलं. शेवटी ट्रपकोचा सदरा उरला.

"ट्रपको ठेकेदारानं दिला," रुमेनाचा आवाज नदीपलीकडे गेला, "एक पांढरा सदरा! आणि त्याच्या प्रत्येक कामावर साडेतीनची सुट्टी! देव त्याला उदंड आयुष्य देवो!"

ट्रपकोनं तोंड उघडलं. पण गावानं जयघोष केला होता, आणि सर्वांत मोठ्यानं ओरडत होती फिदाना.

रुमेनानं घड्याळ पाहिलं, हातोडी पेटीत टाकली आणि शिडी उतरू लागली.